लाल चकतीचा टाइमर: आणला लेकीसाठी, शिस्त लागली मोठ्यांना

वस्तू अगदी साधी आहे. पांढरी चौकोनी तबकडी, तिच्यावर 0 ते 60 आकडे आणि एक पातळ लाल चकती. मधली खुंटी ओढून वीसवर आणली की वर्तुळाचा एक तृतीयांश भाग लाल दिसतो. मग तो लाल तुकडा आकसत जातो आणि शून्यावर पूर्ण नाहीसा होतो. आकडे वाचता येत नसले, मिनिट म्हणजे किती हे कळत नसलं, तरी उरलेला तुकडा डोळ्यांना दिसतो. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना हा टाइमर कुणी ना कुणी सुचवतंच. आम्हाला ओटीच्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, ताईंनी सुचवला. आता तो बऱ्यापैकी जुना झालाय, जमिनीवर आपटून झालाय, उघडून परत जोडून झालाय. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा अधिकार मिळाला असं समजतो.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर गेज, मीटर, रिले ह्यांच्यात असतो, त्यामुळे कुठलंही उपकरण हातात आलं की ते काय मोजतं आणि कोणासाठी मोजतं हे आधी बघायची खोड आहे. लेक आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. तोंडी शब्द मोजके, बाकीचं बोलणं चित्रांच्या कार्डांवर आणि टॅबलेटवरच्या बोलत्या ॲपवर. एका गोष्टीतून उठून दुसरीकडे जाणं हे तिचं सगळ्यात अवघड काम. झोपाळ्यावरून उतरणं, पाण्यातून बाहेर येणं, बूट घालून दाराबाहेर पडणं, सेशन संपवून घरी निघणं. थेरपीवाले ह्याला ट्रान्झिशन म्हणतात, आता आमच्या घरातही तोच शब्द चालतो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो: घ्या. फक्त मुलाला वळण लागेल म्हणून घेत असाल तर थांबा. माझ्या अनुभवात हा टाइमर मुलापेक्षा मोठ्यांवर जास्त काम करतो. आपण मुलाला वेळेचे जे शब्द देतो, त्यांना तो जामीन राहतो.

आधी यंत्र बघू. आत भिंतीवरच्या घड्याळात असतं तसंच क्वार्ट्झचं मशीन आहे, एका पेन्सिल सेलवर चालणारं. स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, सर्किट त्यातून सेकंदाचा एक ठोका काढतं आणि दाते असलेली चाकं तो ठोका चकतीपर्यंत पोचवतात. वेळ लावताना चकती घड्याळाच्या उलट दिशेने ओढायची, चालताना ती घड्याळाच्या दिशेने शून्याकडे येते. मुलं ती दुसऱ्या बाजूने फिरवून बघणारच. आमच्या नगात तसं जोरात फिरवल्यावर चकती दांड्यावर सैल झाली होती, म्हणून तो उघडावा लागला. पुढच्या बाजूला पारदर्शक झाकण नसलेला नमुना घेऊ नका, कारण लाल दिसतंय म्हटल्यावर त्यावर बोट जाणार. आणि झाकण चकचकीत असेल तर ट्यूबलाइटचा उजेड नेमका लाल भागावर पडतो. खिडकीकडे पाठ करून ठेवला की दिसतो.

टिकटिक हा आमच्या नगाचा सगळ्यात मोठा दोष. तुम्हा-आम्हाला ती ऐकूही येणार नाही. लेक दोन खोल्यांपलीकडून ऐकते आणि कानांवर हात ठेवते. गंमत म्हणजे आवाज जेवढा यंत्राचा, तेवढाच टेबलाचा. लाकडी फळीवर ठेवला की फळी आवाज मोठा करते. खाली फोमचा जाड तुकडा चिकटवला, आवाज निम्म्याहून कमी झाला. आवाजाला संवेदनशील मूल असेल तर बिनटिकटिकीचा नमुनाच घ्या, माझ्यासारखी डागडुजी करत बसू नका.

शून्यावर वाजणारा बझर आम्ही पहिल्यापासून बंद ठेवलाय. आमच्या नगावर त्यासाठी मागे बटण आहे, घेताना ते आहे ना हे बघून घ्या. बझर चालू असला की मूल चकती बघायचं सोडून बझरची वाट बघायला लागतं आणि त्या आवाजाचाच धसका घेतं. लाल संपलं की आम्ही दोन्ही हात पसरून 'संपलं' ही खूण करतो आणि पुढचं कार्ड दाखवतो.

पाच मिनिटांच्या आतल्या वेळेसाठी हा टाइमर नको. साठ मिनिटांच्या तबकडीवर एक मिनिट म्हणजे सहा अंश. खुंटी जराशी इकडेतिकडे झाली की दोनाची तीन मिनिटं होतात, आणि एवढा बारीक लाल तुकडा लांबून दिसतही नाही. छोट्या वेळेला वाळूचं घड्याळ सरस. त्यात उलटा त्रास असा की काही मुलं वाळूच बघत बसतात, हातातलं काम राहतं बाजूला.

असा टाइमर मुळात एका आईने बनवला. अमेरिकेतल्या जॅन रॉजर्स ह्यांची लहान मुलगी 'अजून किती वेळ?' असं सारखं विचारायची. त्यातून 1994 साली 'टाइम टाइमर' निघाला. पुढे त्या धर्तीचे टाइमर बऱ्याच कंपन्यांनी आणले. आमचा असाच एक, दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा, आणि वरचे सगळे दोष ह्या एका नगाचे आहेत. मला मात्र त्या गोष्टीतल्या मुलीचा हेवा वाटतो, कारण तिला प्रश्न विचारता येत होता. आमच्या लेकीचा प्रश्न तोच असतो, पण तो विचारायला तिच्याकडे वाक्य नसतं. ती जमिनीवर बसते, अंग सैल सोडते, किंचाळते. बाहेरच्याला तो हट्ट दिसतो.

तो हट्ट नाही हे नातेवाइकांना पटवायला मला एक माहिती फार उपयोगी पडली. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला मोठा निबंध लिहिला, त्यातच 'सगळं होतं तसंच राहावं' ही ओढ ठळकपणे नोंदवलेली आहे. 2013 सालच्या डीएसएम-5 ह्या निदानाच्या पुस्तिकेत तर ट्रान्झिशन अवघड जाणं हे ह्याच ओढीच्या निकषाचं उदाहरण म्हणून छापलंय. काका-मावशींना पुस्तिकेचं नाव लक्षात राहिलं नाही, पण कुठे तरी छापलंय म्हटल्यावर सल्ले कमी झाले.

आता टाइमर नेमकं काय करतो आणि काय करत नाही. इथे मला टीच (TEACCH) ह्या ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायच्या पद्धतीचा मोठा आधार मिळाला. एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ती उभी केली, 1972 पासून तो त्या राज्याचा अधिकृत कार्यक्रम आहे. त्यांची कामाची मांडणी चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांना दाखवते: काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं कळणार, आणि मग पुढे काय? हे वाचल्यावर मी टाइमर समोर ठेवून तपासला. किती ह्याचं उत्तर तो अर्धं देतो, संपलं ह्याचं पूर्ण देतो. काय करायचंय आणि पुढे काय ह्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आणि लेकीची अडचण बहुतेक वेळा चौथ्या प्रश्नाची होती. झोपाळा संपला हे लाल चकतीने तिला व्यवस्थित सांगितलं, पण पुढे बूट घालून घरी जायचंय की त्या खोलीत जायचंय जिथे चेहऱ्याला ब्रश लावतात, हे कोण सांगणार? म्हणून टाइमरच्या शेजारी एक पट्टी आली. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग', दोन्हीकडे वेल्क्रो आणि त्यावर चित्रं. खाली एक डबा, संपलेल्या गोष्टीचं कार्ड त्यात टाकायला. कार्ड ती स्वतः टाकते, आपटून टाकते, आणि तो आवाज तिला चालतो. टाइमर, पट्टी, डबा हा एकच संच समजा. नुसता टाइमर घेतलात तर काही दिवसांत तो कपाटावर जाईल आणि तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चालला नाही.

आता जामिनाबद्दल, कारण हे परीक्षण खरं तर त्यासाठीच लिहितोय.

घरात 'पाच मिनिटं' हे माप माणसागणिक वेगळं असतं. तिच्या आईची पाच मिनिटं म्हणजे हातातलं काम उरकेपर्यंत. माझी, फोनवर कोण आहे त्यावर. आजीची पाच मिनिटं नात हसत असेल तर पंधरा, रडली तर तीस. थेरपीच्या ठिकाणी आधीचं सेशन लांबलं की बाहेर सांगितलं जातं, 'पाचच मिनिटं हं', आणि ते सांगणाऱ्यालाही माहीत असतं की ते फक्त धीर देणं आहे. शब्दांवर आधीच ज्या मुलाची पकड सैल आहे, त्याने ह्या मापावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? कामावर चुकीचं रीडिंग देणारं गेज सापडलं की आम्ही त्याला टॅग लावून बाजूला काढतो. त्या गेजकडे ऑपरेटरने लक्ष दिलं नाही म्हणून त्याला कोणी दोष देत नाही.

म्हणून नियम एकच केला: चकती लावली की शून्य होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तिने नाही, आणि आपणही नाही. पहिला अर्धा भाग सगळ्यांना लगेच पटतो. दुसरा अर्धा भारी पडतो. आपल्याला उशीर होतोय म्हणून चकती पुढे ढकलायची नाही. आपलं बोलणं चाललंय, बरं चाललंय, मूल शांत आहे, म्हणून शून्यानंतर दहा मिनिटं गप्प बसायचं नाही. लाल संपायच्या आधी मोठ्या माणसाच्या पायात चप्पल, हातात किल्ली आणि तोंडात पुढचा शब्द तयार पाहिजे. शून्य झाल्यावर आपण जर पाकीट शोधत फिरलो, तर मुलाच्या दृष्टीने 'संपलं' म्हणजे काहीच नाही.

आजीला हे जुलमी वाटायचं. 'अरे, खेळू दे की तिला जरा. ते चक्र काय पळून जातंय?' मी म्हणायचो, 'पळतंच आहे ना ते, आई.' मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजीला दोन प्रकारचे थेंब दिले, दोहोंमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या म्हणून सांगितलं, आणि आजीने तो टाइमर परस्पर स्वतःसाठी उचलला. नात शेजारी बसून आजीची चकती संपायची वाट बघते आणि संपली की आजीला 'संपलं' ची खूण करते. ओटीच्या ताई म्हणाल्या, ह्यापेक्षा चांगली थेरपी नाही. घड्याळ फक्त तिला उठवायला नाही, सगळ्यांना लागू आहे, हे तिला दिसलं.

एका मुद्द्यावर मात्र दोन ताईंचं जमेना. लेक नुकतीच 'आणखी' हे कार्ड द्यायला शिकली होती. स्पीचच्या, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या, ताईंचं म्हणणं, नवा शब्द आहे, तिने मागितलं की द्याच, नाही तर मागण्यात काय अर्थ आहे हेच तिला कळणार नाही. ओटीच्या ताईंचं म्हणणं, शून्य म्हणजे शून्य. दोघींचंही बरोबर होतं, आणि दोघींच्या मध्ये बसून मी वहीत लिहून घेत होतो. तोडगा असा निघाला: लाल दिसतंय तोवर 'आणखी' चालेल, आणि मिळणारं आणखी म्हणजे दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, एकदाच. लाल संपल्यावर 'आणखी' आलं तर ते कार्ड हातात घ्यायचं, 'तुला आणखी हवंय' असं म्हणायचं आणि 'मग' कडे बोट दाखवायचं. आता ती चकती बारीक होताना बघते आणि शेवटच्या लाल रेघेला कार्ड देते. ही लबाडी तिला कोणी शिकवली नाही. मला ती फार आवडते.

कुठे चांगला चालला? जे नको असतं त्याला शेवट आहे हे दाखवायला सगळ्यात चांगला चालला. नखं कापणं, केस विंचरणं, दात घासणं, स्पीचच्या टेबलावरचं खुर्चीतलं काम. आवडती गोष्ट संपतेय हे दाखवणारा टाइमर मुलाला वैरी वाटू शकतो. नावडती संपतेय हे दाखवणारा मित्र होतो. म्हणून ओळख करून देताना नावडत्या कामापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, बहुतेक जण नेमकं उलट करतात. अट एकच: शून्यावर खरंच थांबायचं. दोन नखं राहिली तर राहू द्या, उद्या कापा.

कुठे चालला नाही? जी कामं वेळेने संपत नाहीत, पुरी झाल्यावर संपतात, तिथे. ठोकळ्यांची रांग लावताना अर्ध्यात लाल संपलं तर तिच्यासाठी रांग तुटली, आणि त्या तुटण्याला कुठलंच 'मग' पुरत नाही. अशा ठिकाणी मोजणी वापरा: एवढे तीन ठोकळे ठेवले की झालं. तीन ठिपक्यांची पट्टी आणि प्रत्येक ठोकळ्याला एक ठिपका उलटा. त्याला सेल लागत नाही.

स्क्रीनच्या बाबतीत तर निकाल सपशेल उलटा लागला, आणि ते मला आधी कळेना. मग वाचनात आलं की वॉशिंग्टन विद्यापीठात 2016 साली एक अभ्यास झाला होता, एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या स्क्रीनवरून उठण्याबद्दल. त्यात 'अजून दोन मिनिटं' अशी आगाऊ सूचना दिल्यावर मुलांचं उठणं जास्त त्रासाचं झालेलं दिसलं, आणि गोष्ट आपसूक संपली, म्हणजे व्हिडिओच संपला किंवा उपकरणच बंद झालं, तर सोपं गेलं. तो अभ्यास विशेष गरजा असलेल्या मुलांवर बेतलेला नव्हता, पण आमच्या घरात तस्संच घडत होतं. व्हिडिओ मध्यावर आणि चकती शून्यावर, म्हणजे एकाच वेळी दोन घड्याळं आणि दोघांचं भांडण. आता स्क्रीनला टाइमर नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद आणि दोन व्हिडिओंची दोन कार्डं. दुसरं कार्ड डब्यात गेलं की टॅबलेटवर फक्त बोलायचं ॲप उरतं. ते ॲप कधीच काढून घ्यायचं नाही, ती तिची वाचा आहे. जमत असेल तर बोलायचा आणि बघायचा टॅबलेट वेगळाच ठेवा.

किती वेळ लागेल हे आपल्यालाच माहीत नसतं, तिथेही टाइमर काढू नका. दवाखान्याबाहेर बसताना अंदाजाने वीस लावले आणि नंबर चाळीस मिनिटांनी आला, की जामीन बुडाला. तिथे फक्त 'थांबायचं' हे कार्ड आणि हातात काहीतरी. टाइमर पिशवीत.

काही मुलांना कमी होत जाणारा लाल रंगच घाबरवतो. लावल्या क्षणापासून त्यांचा जीव गोळा होतो. ओटीच्या वर्गातल्या एका मुलाला मी तसं बघितलंय, त्याच्यासाठी ताईंनी टाइमर बंद करून गाण्याची सवय लावली: एक ठरलेलं गाणं लागलं की आवराआवर, गाणं संपलं की दार. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं ती अवस्था) असलेल्या मुलांच्या पालकांकडून मात्र ह्या टाइमरचं कौतुकच ऐकलंय. त्यांची अडचण बदलाच्या भीतीपेक्षा वेळ जाणवण्याची असते, आणि वेळ दिसायला लागला की त्यातलं बरंच सुटतं.

आणि धमकी म्हणून तर कधीच लावू नका. 'ऐकत नाहीस ना, थांब, आता घड्याळच लावतो' हे एकदा म्हटलं की त्या वस्तूची चव गेली. आमच्याकडे तिच्याच एका पाहुण्या मामाने हे केलं. त्यानंतर टाइमर दिसला की ती तो उलटा पालथा करायची, आणि पुन्हा नखांपासून सुरुवात करावी लागली.

मोठ्या बदलांना हा टाइमर पुरा पडत नाही, हेही लिहायला हवं. स्पीचच्या ताई काम सोडून दुसरीकडे जाणार असं कळलं तेव्हा साठ मिनिटांच्या तबकडीवर ते कसं दाखवणार? तिथे वेगळी साधनं लागली. शेवटच्या काही सेशनना नव्या ताई खोलीच्या कोपऱ्यात नुसत्या बसायच्या. मग त्या टेबलाशी आल्या आणि जुन्या ताई कोपऱ्यात गेल्या. कार्डांचा संच तोच ठेवला, कामांचा क्रम तोच, शेवटचा निरोपाचा खेळही तोच. बदलली ती फक्त व्यक्ती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. नंतर केंद्राची जागा बदलली तेव्हा आम्ही त्याच बेताने गेलो: आधी सुट्टीच्या दिवशी रिकामी खोली बघून आलो, काम काहीच नाही.

त्या काळात फोटोंचं एक छोटं पुस्तक केलं, कॅरल ग्रे ह्यांनी 1991 मध्ये मांडलेल्या सोशल स्टोरीजच्या, म्हणजे मुलाला एखादा प्रसंग आधी समजावणाऱ्या छोट्या गोष्टींच्या, धर्तीवर. त्यांचा आग्रह असा की अशा गोष्टीत 'असं कर, तसं कर' कमी असावं आणि काय घडतं, कोण काय करतं हे जास्त असावं. आमच्या पुस्तकात होतं: ह्या ताई. ह्या नव्या ताई. सोमवारी नव्या ताई भेटतात. जुन्या ताई दुसऱ्या ठिकाणी काम करतात. घरातल्यांना शेवटी 'ताई परत भेटतील' असं एक पान हवं होतं, जरा बरं वाटावं म्हणून. तिच्या आईने ते घालू दिलं नाही. कधी भेटणार हे माहीत नसताना लिहायचं कशाला, आणि ती रोज ते पान उघडून दाराकडे बघायला लागली तर उत्तर कोण देणार? त्याऐवजी ताईंचा फोटो डब्यात न टाकता पुस्तकातच राहू दिला. संपलेल्या गोष्टींच्या डब्यात माणूस टाकायचा नाही, हेही तिच्या आईचंच.

फोनवरच्या ॲपबद्दल थोडं. लाल वर्तुळ दाखवणारी ॲप आहेत, दिसायला छान, टिकटिक नाही, एक मिनिटही अचूक लागतं. प्रवासात उपयोगी. पण फोन आपला असतो, त्यावर निरोप येतात, कॉल येतो आणि वर्तुळ मधूनच झाकलं जातं. शिवाय फोन समोर आला की तिला टाइमर दिसत नाही, व्हिडिओ दिसतात. घरात वेगळी वस्तूच बरी.

विकत घेण्याआधी चाचणी करता येते, तीही कागदावर. एक लाल आणि एक पांढरी अशा सारख्या मापाच्या दोन कागदी चकत्या कापा, दोन्हींना कडेपासून मध्यापर्यंत चीर द्या आणि एकमेकींत अडकवा. फिरवलं की लाल भाग कमी-जास्त होतो. नखं कापताना घड्याळाकडे बघत ती हाताने फिरवत राहायची. ह्यात तुमचे दोन्ही हात अडकतात, म्हणजे घरात दुसरं माणूस लागतं, पण मूल लाल रंगाकडे बघतं का, घाबरतं का, हे लगेच कळतं. आणि आपण शून्यावर थांबतो का, तेही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा टिकटिकीचा आणि सैल झालेल्या चकतीचा कापला. दुसरा नग थेरपीच्या पिशवीत ठेवायला घेतोय, ह्या वेळी बिनटिकटिकीचा आणि मुठीत मावणारा. रंग लालच बघतोय. ताईंकडे निळ्या चकतीचा एक होता, लेकीने त्याला सरळ डब्यात टाकलं.